टाकीचं डावं बुश

सकाळी शेळीला कोंडा घालायला बस्सू अंगणात आला आणि उंबऱ्यातच थांबला. पेट्रोलचा वास येत होता. डाळिंबाच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून उभ्या असलेल्या मोटारसायकलीजवळ जाऊन त्याने वाकून पाहिलं. टाकीच्या पोटाशी असलेला कॉक थेंब थेंब गळत होता आणि खालची माती ताटाएवढी काळी पडली होती. काल संध्याकाळीच त्याने मोठ्या हौसेने टाकी अर्धी भरली होती.

"इझ्झाच्या बाबा, हा वास कसला?" स्वयंपाकघरातून तूदाचा आवाज आला.

"काही नाही. कॉक पाझरतोय जरासा. आवळतो."

त्याने पाना आणला. कॉक दोन बोल्टांवर लटकलेला होता. डावा बोल्ट घट्ट होता, हलायलाच तयार नव्हता. उजव्याला पाना लावला तर तो फिरला, आणखी फिरला, आणि फिरतच राहिला. बस्सूने पाना खाली ठेवला. त्याला कळून चुकलं. प्लॅस्टिकच्या टाकीला थेट आटे पाडले तर ते टिकत नाहीत, म्हणून टाकी घडवतानाच तिच्या अंगात करंगळीच्या पेराएवढी पितळी बुशं बसवलेली असतात आणि आटे त्या बुशांच्या आत असतात. उजवं बुश प्लॅस्टिकमधून सुटलं होतं. आता बोल्टाबरोबर तेही गरगर फिरत होतं. असा बोल्ट आवळता येत नाही आणि काढताही येत नाही.

तूदा हात पुसत दारात आली. "जरासा म्हणजे किती? गुरुवारी जायचंय आपल्याला."

"जाऊ की."

"मागच्या वर्षीही 'जाऊ की' म्हणाला होतास."

बस्सूने पाना उचलून पुसला. तिचं खरं होतं. तूदाची आई हस्सी उग्नीच्या विहिरीपाशी पुरलेली होती, त्यांच्या रिसानी गावापासून दक्षिणेला, ताऊझ गावाच्याही पलीकडे, वाळवंटात. ती गेली तेव्हा तूदा इझ्झाच्या वेळी बाळंत होती. बातमी पोचली तीच बारा दिवसांनी. मग भावांनी शेळ्या विकल्या, तंबू मोडला, सगळे गावात येऊन राहिले आणि त्या बाजूला जायला कारणच उरलं नाही. सत्तावीस वर्षं झाली, आईची कबर तूदाने पाहिलेली नव्हती. या हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊही वारला. आईला मातीत ठेवणाऱ्यांपैकी तोच शेवटचा उरला होता. त्याच्या चाळिसाव्याचं जेवण उरकून घरी आल्यावर तूदाने डोक्यावरची काळी भरतकामाची चादर घडी घालता घालता म्हटलं होतं, "ऊन तापायच्या आत मला हस्सी उग्नीला ने."

त्यांची मुलगी इझ्झा अर-रशिदिया शहरात शिक्षिका होती. तिच्या नवऱ्याकडे जीप होती. तिने फोनवर किती समजावलं. "आई, जीपने आपण तीन तासांत पोचू. त्या खटाऱ्यावर बसून कंबर मोडून घेशील."

"त्या खटाऱ्यावर बसूनच तुझ्या आईची वरात निघाली होती," तूदा म्हणाली होती. "माझी आई तंबूच्या दोरीला धरून धूळ दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी होती. आता जीपमधून उतरले तर ती मला ओळखेल का? म्हणेल, ही कोण सरकारी बाई आली."

इझ्झा हसली होती, आणि विषय तिथेच संपला होता.

*

मंगळवार बाजाराचा दिवस होता. बस्सूने टाकी रिकामी केली, उजव्या बुशाच्या कडेला चिमटा रोवून कसाबसा बोल्ट सोडवला, टाकी गोणपाटात गुंडाळली आणि गाढवांच्या तळाशेजारच्या मिमूनच्या गॅरेजात नेली. मिमून पस्तिशीचा, हाताने चांगला आणि तोंडाने त्याहून चांगला.

"बस्सूकाका, ही म्हातारी अजून आहे? मला वाटलं कोंबड्यांना पाणी प्यायला कापून ठेवली असेल."

"जिभेला आवर घाल आणि हे बुश बघ."

मिमूनने टाकी उलटी मांडीवर घेतली. नखाने उजवं बुश उचकटलं तर ते दुधाच्या दातासारखं अलगद हातात आलं. मग त्याने डाव्या बुशात बोल्ट घातला आणि पान्याने जोर लावून पाहिला, हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. डावं बुश जागचं हललं नाही. त्याने टाकी उजेडात धरली. डाव्या बुशाभोवती प्लॅस्टिकचा वेगळा, थोडा निळसर कडा दिसत होता, भाकरीच्या काठासारखा दाबून बसवलेला.

"हे डावं कारखान्यातलं नाही. नंतर कुणीतरी बसवलंय. आणि काय बसवलंय, काका! वाळवंटात दुरुस्त केलेलं ते हेच ना? तुमच्या भिंतीवर प्रमाणपत्र आहे ते?"

"हेच."

"मग झालं. डावं बसवलंत तसंच उजवं बसवा. माझ्याकडे कशाला आलात?"

बाहेर बाकावर चहा पीत बसलेले दोघे-तिघे बस्सूकडे पाहू लागले. बस्सूने घसा खाकरला. "तेव्हा हात वेगळे होते. आता बोटं थरथरतात. तू गोंद लाव."

मिमूनने दोन नळ्यांचा गोंद कालवला, बुशाला लावला, भोकात बसवलं आणि उद्यापर्यंत हात लावू नका म्हणाला. बस्सूने दुसऱ्या दिवशी दुपारी बोल्ट घातला. पाना अर्धा वळतो न वळतो तोच बुश गोंदाच्या पांढऱ्या टोपऱ्यासकट बाहेर आलं. प्लॅस्टिकला गोंदाचा डागसुद्धा लागलेला नव्हता.

हे असंच होणार, हे बस्सूला खरं तर माहीत होतं. चौतीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः तेच करून पाहिलं होतं.

*

त्या वर्षी दक्षिणेकडून टोळ आले होते. आभाळातून आले ते आले, पण खरी भीती होती ती त्यांनी वाळूत घातलेल्या अंड्यांची. पिल्लांना पंख फुटायच्या आत ती कुठल्या ओढ्यात, कुठल्या झुडपांत आहेत हे शोधायचं आणि वायरलेसवर कळवायचं, म्हणजे मागून औषध फवारणारे येत. जिथे गाड्या जात नव्हत्या तिथे शेती खात्याचे मोटारसायकलींवरचे टेहळे जात. एकतीस वर्षांचा बस्सू त्यांच्यातला एक. जोडीला अद्दी, दुसऱ्या मोटारसायकलीवर, पाठीला वायरलेस बांधलेला. दिवसा दगडांतून आणि वाळूतून, संध्याकाळी काटक्यांवर चहा. बस्सूला त्या दिवसांची आठवण आली की आधी नाकात धुळीचा आणि पेट्रोलचा मिसळलेला वास येई, आणि मग अद्दीचं ते बेसूर गाणं. अद्दीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी एका कोरड्या ओढ्यात दगडावर आपटून कॉक लोंबकळला. डावं बुश मुळासकट बाहेर आलं होतं. मांडीवरून पेट्रोल ओघळत असतानाच त्यांनी गाडी ढकलत ढकलत जवळच्या एका तंबूपाशी आणली. तंबूतल्या म्हाताऱ्याने आधी चहा टाकायला लावला, मग काय झालं ते विचारलं. उरलेलं पेट्रोल त्यांनी डब्यांत उतरवलं. अद्दी वायरलेस घेऊन टेकडीवर चढला आणि बस्सू गोंदाची नळी उघडून बसला. दोनदा लावला, दोनदा निघाला.

तंबूच्या सावलीत एक मुलगी शेळीच्या केसांचं सूत कातत होती. तिसऱ्यांदा त्याने नळी उचलली तेव्हा ती बापाला म्हणाली, "त्या पाहुण्याला सांगा, पाण्याचा डबा फुटला तर आम्ही गोंद लावत नाही."

म्हातारा हसला. "ही आमची तूदा. बाजार दोन दिवसांवर, म्हणून डबे, घमेली सगळं हीच सांधते."

"मग सांधून द्या म्हणावं," बस्सू चिडून म्हणाला.

मुलीने चाती खाली ठेवली. टाकी हातात घेऊन हुंगली आणि म्हणाली, "आधी हिच्यात पाणी भरावं लागेल. काठोकाठ. नाहीतर विस्तव जवळ आणला की आपण सगळे आभाळात."

चोवीस लिटर पाणी. तंबूत तेवढंच होतं. तूदाच्या आईने तिन्ही डबे ओतताना नवऱ्याकडे न बघता म्हटलं, "पाहुण्यांना पाणी पाजतात हे ऐकलं होतं. त्यांच्या गाडीला पाजतात हे आज बघितलं."

दुरुस्ती झाली. पाण्याला पेट्रोलचा वास लागला, शेळ्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तूदा गाढव घेऊन हस्सी उग्नीला पाणी आणायला निघाली, आणि पाणी आपल्यामुळे संपलं म्हणून बस्सूही निघाला. जाताना ती पुढे होती आणि तो वीस पावलं मागे. येताना गाढवाच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला तो.

त्याच आठवड्यात बस्सू आणि अद्दीला एका खोऱ्यात पंख न फुटलेल्या पिल्लांची काळी फौज दिसली. वायरलेसवर निरोप गेला, गाड्या आल्या, त्या खोऱ्याखालच्या खजुराच्या बागा वाचल्या. मोठ्या साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, मोडलेली गाडी वाळवंटात कुणी नीट केली? अद्दीने तोंड उघडलं होतं. त्याच्या आधी बस्सू म्हणाला, "मी, साहेब." का म्हणाला हे त्याला तेव्हाही नीट कळलं नाही. तंबूतल्या पोरीने केली म्हटलं असतं तर सगळे हसले असते, एवढंच डोक्यात होतं. शिक्का मारलेलं प्रमाणपत्र मिळालं. शरद ऋतूत, खजूर उतरल्यावर, त्याने तूदाला मागणी घातली, आणि त्याच मोटारसायकलीवर तिला घरी आणलं. पुढे खात्याने जुन्या गाड्या मोडीत काढल्या तेव्हा हीच शोधून विकत घेतली.

प्रमाणपत्र दिवाणखान्याच्या भिंतीवर लागलं. पाहुणे विचारत, बस्सू गोष्ट सांगे, दर वेळी जराशी रंगवून. तूदा उंचावरून चहाची धार पेल्यात सोडत असे आणि एक शब्द बोलत नसे. काचेवरची धूळ मात्र तीच पुसायची.

*

आता बुधवारची दुपार टळत होती. तूदा शेजारणीकडे गेलेली बघून बस्सूने शेगडी पेटवली. तिने केलं होतं ते काहीतरी गरम करूनच केलं होतं, तेवढं त्याला आठवत होतं. टाकी आठवणीने पाण्याने भरली. पेचकस लाल होईपर्यंत निखाऱ्यात ठेवला आणि भोकाच्या कडेला टेकवला. प्लॅस्टिक चर्र करून वितळलं, धूर झाला, तार सुटली. घाईघाईने त्याने बुश आत खुपसलं. ते तिरकं बसलं. सरळ करायला गेला तर भोक आणखी पसरलं.

"पेचकस कशाला घेतलास? भाकरी उलटवायची आहे का?"

तूदा कधी आली होती कुणास ठाऊक. दाराच्या चौकटीला टेकून ती बघत होती.

बस्सूने पेचकस मागे लपवल्यासारखा केला आणि मग स्वतःलाच हसू आलं म्हणून पुढे आणला. "होतंय. जरा वेळ लागेल."

"भोक बघ केवढं केलंस. आता त्यात बुश काय, रांजण बसेल."

"तू आत जा. धूर आहे."

ती आत गेली. बस्सूला वाटलं, रागावली. पण ती परत आली ती पाट, जुनी बोथट सुरी आणि फुटक्या निळ्या डब्याचा एक तुकडा घेऊन. बाह्या वर सारून तिने पाट टाकीसमोर ठेवला. बसताना गुडघ्यावर हात टेकून "या अल्ला" म्हणाली.

"सरक."

तो सरकला.

तिने टाकीच्या कडेचा नखाएवढा छिलका सुरीने काढला, चिमट्यात धरून निखाऱ्याला लावला आणि विझवून त्याच्या नाकाशी नेला. "कसला वास आहे?"

"जळका."

"नीट घे."

बस्सूने पुन्हा हुंगलं. "मेणबत्तीचा."

"मेणबत्तीच्या जातीच्या प्लॅस्टिकला कुठलाच गोंद चिकटत नाही. त्याला त्याच्याच जातीचं लागतं." तिने डब्याचा तुकडा जाळून तोही हुंगवला. तोच वास. "आता बुश दाखव." तिने पितळी बुश बोटांत फिरवलं. "अंग बघ कसं गुळगुळीत झालंय. याला धरायला काही उरलंच नाही. ओरखडे पाड. उभे, आडवे, खोल. ते तुझं काम, माझे डोळे नाहीत आता तेवढे."

बस्सूने तिकोनी कानस आणली. बुश बोल्टावर चढवलं, बोल्ट पकडीत धरला आणि कानसायला बसला. बोटं खरंच थरथरत होती, पण कानस धरली की थांबत होती. तूदाने डब्याचा तुकडा सुरीने किसून शेवयांसारखा कीस पाडला. मग टाकीत पुन्हा काठोकाठ पाणी भरायला लावलं. टाकी उलटी ठेवून कॉकच्या भोकातूनच भरायची होती आणि झाकणाच्या हवेच्या भोकातून पाणी ठिबकलं असतं, म्हणून स्वयंपाकघरातून मळलेल्या कणकेचा गोळा आणून तिने ते भोक बंद केलं.

"पाणी नुसतं पेट्रोल घालवायला नाही," ती म्हणाली. "आतून गार राहतं म्हणून वरचं वितळतं तेवढंच वितळतं, आरपार जात नाही. त्या दिवशी सांगितलं होतं मी तुला हे."

"सांगितलं होतंस?"

"शब्द न् शब्द सांगितला होता. तू टाकी धरून माझ्या समोर बसला होतास. एवढं सगळं करून दाखवलं आणि तुला काही म्हणजे काही आठवत नाही?"

बस्सू कानस चालवत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "मी हाताकडे बघतच नव्हतो."

"मग कुठे बघत होतास?"

त्याने बुश उलटं फिरवलं. तूदाने वर पाहिलं. पासष्ट वर्षांच्या माणसाचे कान लाल झालेले तिला दिसले. तिने निखारे उगाचच खालीवर केले आणि म्हणाली, "वेडा माणूस. आण ते बुश."

मग दोघांनी जास्त न बोलता काम केलं. तिने भोकात कीस दाबला आणि तापलेल्या सुरीच्या पात्याने तो हळूहळू लोण्यासारखा बसवला, पुन्हा कीस, पुन्हा पातं, भोक जवळजवळ भरेपर्यंत. बस्सूने लांब बोल्ट कॉकच्या उजव्या भोकातून ओवला, त्याच्या टोकावर बुश चढवलं आणि ते निखाऱ्यावर धरलं. "लाल नको," ती म्हणाली. "थुंकी उडाली की पुरे." त्याने बोटाला थुंकी लावून टेकवली, ती चुरकन उडाली. "आता दे. नाही, तूच दाब. माझ्या मनगटात जोर नाही. मी सांगते तसं."

"दाबू?"

"थांब. आधी कॉक ठेव जागेवर, दोन्ही भोकं जुळली पाहिजेत. डाव्यात बोल्ट घाल. आता उजव्यातून सोड. सरळ. सरळ म्हणते ना मी. जोर नको लावू, त्याच्या वजनानं जाऊ दे. हं."

बुश सावकाश खाली बसत गेलं. वितळलेलं प्लॅस्टिक त्याच्या भोवतीने वर आलं. तूदाने सुरीच्या टोकाने तो कडा भाकरीच्या काठासारखा दाबून घेतला. मग ओलं फडकं त्यावर टाकलं. वाफ निघाली.

"आता हलवायचं नाही," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत धरून ठेव."

त्याने धरून ठेवलं. बोल्टाची धग फडक्यातून बोटांना लागत होती. शेजारच्या घरातून पोरांचा आवाज येत होता, कुणीतरी खजुराच्या फांद्या तोडत होतं. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. तिचा चेहरा एका वितीवर होता. हनुवटीवरचं गोंदण आता सुरकुत्यांत मोडलं होतं, पण ओठ घट्ट मिटून काम बघायची रीत तीच होती.

"तूदा."

"काय?"

"त्या साहेबासमोर मी खोटं बोललो."

"मला माहीत आहे."

"इतकी वर्षं तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? ते प्रमाणपत्र माझ्या नावाचं दिलं असतं का त्यांनी?" तिने फडकं उचलून पाहिलं, परत ठेवलं. "पहिली काही वर्षं राग यायचा. तू पाहुण्यांना सांगायचास ना, मी असं केलं, मी तसं केलं. एकदा तर सुरीच्या ऐवजी तलवार तापवायला निघाला होतास. मग इझ्झा झाली, बाकीची झाली, रागवायला वेळच कुठे राहिला. आणि एक सांगू? खजुराच्या बागा वाचवणाऱ्याची बायको म्हणून या गल्लीत मला मान मिळाला. तो मी परत कशाला करू?"

बस्सूने मान वर केली. "मी उद्या मिमूनला सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

"सांग हवं तर," तूदा म्हणाली. "सोड आता. बसलंय."

*

रात्रभर टाकी तशीच उलटी राहू दिली. सकाळी पाणी ओतून तिला उन्हात कोरडी केली, कॉक चढवला, दोन्ही बोल्ट आवळले. उजवं बुश डाव्यासारखंच ढिम्म बसलं होतं. पेट्रोल भरलं, खाली कागद अंथरला आणि तासाभराने पाहिला. कागद कोरडा होता.

निघताना चाकांत हवा भरायला ते मिमूनकडे थांबले. तूदा मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, काळी चादर घट्ट लपेटून, मांडीवर कापडात बांधलेला मदफूना. कांदा आणि मांस भरलेली ती जाड भाकरी अजून गरम होती आणि तिचा वास गॅरेजभर पसरला. बाकावर तेच चहावाले होते. मिमून टाकीखाली वाकला, बोट फिरवलं आणि शीळ घातली.

"वा, काका. हात विसरले नाहीत तर."

बस्सूने इंजिन बंद केलं. रात्रभर घोकलेलं वाक्य त्याने एका दमात म्हटलं. "मिमून, हे मी केलेलं नाही. हे तुझ्या काकूनं केलंय. आणि ते डावंही तिनंच केलं होतं, त्या वर्षी. मी आजवर खोटं सांगत आलो."

 मिमूनने हवेची नळी चाकाला लावली, दाब पाहिला, आणि मग सहज म्हणाला, "काका, हे तर आख्ख्या रिसानीला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"माझ्या आईचं घमेलं काकूनं सांधलेलं. हाजीच्या दुकानातले डबे काकूनं सांधलेले. मशिदीतली हातपाय धुवायची बादलीसुद्धा. गल्लीतल्या प्रत्येक घरात असला दाबलेला कडा आहे. तुमच्या टाकीचा कडा बघितला की कुणाचा हात आहे हे आंधळ्यालाही कळेल."

"मग परवा मला म्हणालास ते? डावं बसवलंत तसं उजवं बसवा?"

"मजा बघत होतो," मिमून म्हणाला, आणि बाकावरचे सगळे इतके हसले की एकाच्या पेल्यातला चहा सांडला. बस्सूने मागे वळून पाहिलं. तूदा चादरीत तोंड लपवून हसत होती, खांदे हलत होते.

"तुलाही माहीत होतं? यांना माहीत आहे हे?"

"चल आता," ती म्हणाली. "ऊन चढतंय."

*

ताऊझपर्यंत डांबरी होती. पुढे रस्ता संपला आणि काळे दगड सुरू झाले. बस्सू सावकाश चालवत होता. दर अर्ध्या तासाने थांबून टाकीखाली हात फिरवत होता, आणि दर वेळी तूदा मागून म्हणत होती, "अरे, गळत नाही. मी बसवलंय." त्याला वाटलं होतं वाट आठवणार नाही, पण हात आपोआप वळत होते. हा ओढा, इथे अद्दी पडला होता. हा सुळका, याच्या सावलीत त्यांनी तीन दिवस वाळूचं वादळ काढलं होतं. तो मोठ्याने सांगत होता आणि ती त्याच्या पाठीवर कान टेकून ऐकत होती.

दुपारी हस्सी उग्नी आलं. विहिरीच्या तोंडावर आता सिमेंटचा कठडा होता आणि बाजूला उन्हावर चालणारा पंप. दर हिवाळ्यात इथे तंबू पडायचा ती जागा तूदाने लगेच ओळखली. चुलीचे तीन दगड अजून होते, काळे पडलेले. बाभळीखालच्या कबरी मात्र भावाने सांगितल्या होत्या तशा नव्हत्या. तो म्हणाला होता, उशाशी एक काळा दगड आहे. तिथे उशाशी काळा दगड असलेल्या दोन कबरी होत्या, एकमेकींपासून दोन हातांवर, दोन्ही वाळूने निम्म्या बुजलेल्या. विचारायला कुणी उरलं नव्हतं.

तूदा बराच वेळ उभी राहिली. या दगडाजवळ गेली, त्या दगडाजवळ गेली, दोन्हींवरून हात फिरवला. बस्सूला वाटलं, आता रडेल. पण तिने दोन्ही कबरींवरची वाळू हाताने सारखी बाजूला केली, दोन्हींच्या मध्ये बसली आणि हात पसरून दुआ म्हटली. मग हलक्या आवाजात बोलायला लागली, आपण आपल्या घरात आईशी बोलतो तशी. इझ्झाचं नाव ऐकू आलं, धाकट्या भावाचं आलं, गुडघ्याच्या दुखण्याचंही आलं.

बस्सू लांब गेला. त्याने मोटारसायकल फिरवून बाभळीच्या सावलीत लावली, म्हणजे परतताना बैठक तापलेली नसेल. काटक्या गोळा केल्या आणि चहा ठेवला. पाणी उकळलं, पुदिना टाकला, तरी तिचं बोलणं चाललंच होतं. त्याने चहा झाकून ठेवला आणि तिथेच बसून राहिला.

सावली लांब व्हायला लागली तेव्हा ती आली. डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. दोघांनी मदफूना मोडून खाल्ला.

"कुठली होती, कळलं का?" त्याने विचारलं.

"नाही," तूदा म्हणाली. "दुसरीही कुणाची तरी आईच असेल. तिच्याकडे तरी कोण येतंय. दोघींनी ऐकलं." तिने पेला पुढे केला. "अजून दे थोडा. आणि जाताना त्या पलीकडच्या वाटेनं जाऊ, ओढ्याकडून. मला लहानपणी तिकडे शेळ्या न्यायला बंदी होती. काय आहे तिकडे ते बघायचंय."

"वाळू आहे नुसती."

"असू दे. बघू."

त्याने चहा ओतला, निखाऱ्यांवर वाळू लोटली आणि मोटारसायकलीचं तोंड ओढ्याकडे वळवलं.